आधी विचार, मग तपासणी
(संस्थेच्या वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती खाटा भरल्या, याचा हिशेब या सभेत देण्याची आपली प्रथा आहे. तो हिशेब अहवालाच्या तक्त्यांत दिलेलाच आहे. आज आम्ही अशा एका विषयावर बोलण्याची अनुमती मागतो, जो तक्त्यात मांडता येत नाही. परंतु आपण दिलेल्या देणगीशी आणि रुग्णाच्या जिवाशी ज्याचा अगदी जवळचा संबंध आहे. सांसर्गिक रोगांच्या निदानासाठी ज्या तपासण्या होतात, त्या केव्हा कराव्यात, केव्हा टाळाव्यात आणि त्यांच्या उत्तरावर कितपत विसंबावे, हा तो विषय होय.

आमच्याकडे दोन परस्परविरुद्ध तक्रारी नेहमी येतात. काही नातेवाईक म्हणतात, “साधा ताप आहे, एवढे रक्त कशाला काढता?” तर काहींचे म्हणणे असते, “बाजारपेठेतल्या लॅबमध्ये एकाच पॅकेजात सगळ्या तापांच्या तपासण्या होतात, तुम्ही दोनच का लिहिल्यात?” दोन्ही तक्रारींमागे काळजीच असते, म्हणून आम्ही त्या कधी हसण्यावारी नेत नाही. परंतु कोणती तपासणी कोणत्या दिवशी आणि कशासाठी, याचे उत्तर ज्या डॉक्टरपाशी नाही, त्याने एक तपासणी लिहिली तरी ती जास्त आणि दहा लिहिल्या तरी त्या अपुऱ्याच, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे. हे मत आम्ही एका चुकीतून शिकलो. ती चूक आमचीच होती. संबंधित कुटुंबाच्या संमतीने आणि त्यांची ओळख उघड न करता ती आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी रिक्षा चालविणारा एक तरुण आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला. संध्याकाळी अंग गरम होते, भूक मंदावली आहे, थोडा खोकला आहे, अशी त्याची तक्रार होती. बाहेर एका ठिकाणी त्याची विडाल तपासणी झालेली होती आणि ‘टायफॉइड निघाला’ असे त्याला सांगण्यात आले होते. औषधाचा एक क्रम संपूनही ताप उतरला नव्हता. आम्ही पुन्हा विडालच केली. ती पुन्हा सदोष आली. आम्ही औषध बदलले. आठ-दहा दिवस त्याला बरे वाटले, मग ताप परतला. तिसऱ्या खेपेस आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याला वजनकाट्यावर उभे केले, छाती नीट तपासली आणि थुंकीचा नमुना मागविला. त्या थुंकीत क्षयरोगाचे जंतू सापडले. दरम्यान दोन महिने उलटले होते. त्याच घरात, त्याच खोलीत झोपणाऱ्या चार वर्षांच्या त्याच्या भाचीलाही क्षयाची बाधा झाल्याचे पुढे आढळले. दोघेही पूर्ण उपचार घेऊन बरे झाले, ही ईश्वरकृपा. पण आजीने आम्हांला एकच प्रश्न विचारला, “डॉक्टरसाहेब, रक्त तर तुम्ही दोनदा तपासलंत, मग कळलं कसं नाही?” त्या माउलीला त्या वेळी आम्ही धड उत्तर देऊ शकलो नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

विडाल तपासणी १८९६ साली फ्रान्समधील वैद्य फर्नांद विडाल यांनी प्रचारात आणली. त्या काळी ती मोठीच सोय होती. ही तपासणी विषमज्वराचा जंतू शोधत नाही. त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात आहेत काय, एवढेच ती पाहते. ही प्रतिपिंडे साधारणतः पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात. म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल खऱ्या विषमज्वरातही निर्दोष येऊ शकते. उलटपक्षी, पूर्वी कधी विषमज्वर होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच एखादा ज्वर असेल, तरी ती सदोष येऊ शकते. ज्या प्रदेशात दूषित पाण्यामुळे या जंतूशी माणसांची गाठ वारंवार पडते, तेथे एकदाच केलेल्या विडालवरून निश्चित निदान करणे धोक्याचे आहे. त्या तरुणाच्या बाबतीत तपासणीने खोटे काहीच सांगितले नव्हते. त्याच्या शरीरात प्रतिपिंडे होती, एवढेच तिने सांगितले. त्यावरून त्याच्या तापाचे कारण ठरविले ते आम्ही.

येथे थोडे अंकगणित मांडण्याची परवानगी असावी. समजा, एखादी तपासणी शंभर आजारी माणसांपैकी नव्वदांना अचूक पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी नव्वदांना निरोगीच म्हणते. ऐकायला ही तपासणी चांगली वाटते. आता ज्या १,००० लोकांत फक्त १० जणांना तो रोग आहे, अशा लोकांत ती सरसकट केली, तर १० पैकी ९ रुग्ण सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांनाही ती रोगी ठरवील. म्हणजे सदोष अहवाल हाती पडलेल्या १०८ जणांत खरे रुग्ण केवळ ९, शेकडा आठच्या आसपास. याउलट लक्षणे पाहून, हकिगत ऐकून, ज्यांच्यापैकी निम्म्यांना तो रोग असण्याचा संभव आहे अशाच १,००० जणांची तपासणी केली, तर ४५० खरे रुग्ण आणि ५० चुकीचे, म्हणजे सदोष अहवालांपैकी शेकडा नव्वद अहवाल खरे ठरतील. दोन्ही वेळी यंत्र तेच, रसायन तेच, तंत्रज्ञही तोच. फरक पडला तो तपासणी लिहिण्यापूर्वी डॉक्टरने केलेल्या विचाराने. सरसकट पॅकेजांविषयी आम्ही नाखूश असतो, त्याचे कारण हे आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत तर आपल्या देशाने याचा फार महागडा धडा घेतला आहे. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या तपासण्या अनेक वर्षे खाजगी क्षेत्रात सर्रास होत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये अशा तपासण्या वापरू नयेत असे स्पष्टपणे सांगितले, आणि भारत सरकारने जून २०१२ मध्ये त्यांची आयात, निर्मिती, विक्री व वापर यांवर बंदी घातली. शरीरात क्षयजंतूंचा शिरकाव झाला आहे काय, हे पाहणाऱ्या त्वचेच्या व रक्ताच्या काही वेगळ्या चाचण्या आजही आहेत आणि त्यांचा योग्य जागी उपयोगही आहे; परंतु सुप्त जंतू आणि प्रत्यक्ष जडलेला रोग यांतला भेद त्या सांगू शकत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत असा सुप्त शिरकाव आढळला होता. तेवढ्यावरून त्या सर्वांना क्षयरोगी म्हणता येईल काय?

म्हणून फुप्फुसाच्या क्षयासाठी आजही थुंकीचीच तपासणी महत्त्वाची. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप, घटणारे वजन, रात्री येणारा घाम, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत ते साधारण पाच ते दहा हजार असावे लागतात. सीबीनॅट या यंत्राला दीडशेच्या आत असले तरी पुरतात, आणि सुमारे दोन तासांत रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतील की नाही हेही कळते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी विनामूल्य होते. मात्र नमुना खोल खोकून काढलेल्या बेडक्याचा हवा. लाळ दिली, तर सर्वांत महागडे यंत्रही आंधळेच.

आता पावसाळ्यातील तापांकडे वळू. येथे तपासणीचे निम्मे शहाणपण ‘तापाचा आज कितवा दिवस’ या प्रश्नात आहे. डेंग्यूमध्ये ‘एनएस-१’ ही तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. ‘आयजीएम’ प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. पहिल्या दिवशी आयजीएम आणि आठव्या दिवशी एनएस-१ करणे म्हणजे गाडी निघून गेल्यावर तिकीट काढण्यासारखे आहे. त्यातही एलायझा पद्धतीची तपासणी झटपट पट्टीपेक्षा अधिक भरवशाची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तयार झालेले एलायझा संच देशभरातील शासकीय देखरेख केंद्रांना पुरविले जात आले आहेत, ही आपणां महाराष्ट्रीयांना अभिमानाची गोष्ट आहे.

डेंग्यूचा अहवाल हाती आला की घरातील सर्वांचे डोळे प्लेटलेटच्या आकड्याला लागतात. तो आकडा पाहावा, पण रुग्णाला अधिक पाहावे. ताप उतरू लागतो तोच काळ पुष्कळदा धोक्याचा असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा अन्यत्र रक्त येणे, कमालीची ग्लानी, लघवी कमी होणे, ही लक्षणे दिसली तर आकडा कितीही समाधानकारक असो, तत्काळ रुग्णालय गाठावे. केवळ आकडा उतरला म्हणून, रक्तस्राव नसताना, प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावपळ करण्याची बहुतेकदा गरज नसते.

हिवतापाचे निदान रक्ताच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकातून होते. फ्रेंच लष्करी वैद्य लाव्हरां यांनी १८८० साली हिवतापाचा परोपजीवी प्रथम पाहिला. आजही अनुभवी तंत्रज्ञाची नजर ही या तपासणीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. एकदा काचपट्टी निर्दोष आली म्हणून हिवताप नाही असे म्हणता येत नाही. संशय असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा पाहावे लागते. काही झटपट पट्ट्या उपचार पूर्ण झाल्यानंतरही कित्येक आठवडे सदोष येत राहतात. त्यांवरून ‘मलेरिया अजून अंगात आहे’ असे मानून पुन्हा औषध देणे चुकीचे ठरते.

तपासणीचा विवेक म्हणजे नेहमी कमी तपासण्या, असा समज मात्र आपण करून घेऊ नये. आणि अहवालाची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणे, हाही विवेक नव्हे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या रोगाची प्रतिपिंडे रक्तात दिसायला पहिला आठवडा जवळजवळ उलटावा लागतो, आणि तेवढ्या काळात मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होऊ शकतात. म्हणून पुराच्या किंवा चिखलाच्या पाण्यातून गेलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे किंवा कावीळ दिसली, तर नमुना घेऊन उपचार त्याच दिवशी सुरू करावे लागतात. अहवाल नंतर येईल. भातशेतीत गुडघाभर पाण्यात उभे राहणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांच्या बाबतीत आम्ही हाच नियम पाळतो.

आता त्या दुसऱ्या तक्रारीकडे, “एवढे रक्त कशाला काढता?” विषमज्वर असो वा रक्तात भिनलेला अन्य जंतुसंसर्ग, त्याचा खरा शोध ब्लड कल्चरने लागतो. या तपासणीत जंतू प्रत्यक्ष वाढवून पाहिला जातो आणि कोणते प्रतिजैविक त्याला लागू पडेल हेही समजते. पण प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागते, कारण रक्तात जंतू विरळ असतात. दोन बाटल्यांचे रक्त म्हणजे चहाचे चार चमचे. हे रक्त प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वी घेतले पाहिजे. घरी उरलेल्या दोन गोळ्या ‘तोवर देऊन पाहू’ म्हणून दिल्या, की कल्चर मुके होण्याचा संभव वाढतो. या तपासणीलाही मर्यादा आहेत: उत्तराला साधारण दोन-तीन दिवस लागतात आणि विषमज्वराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत ती निर्दोष येऊ शकते. तरीही ज्या काळात विषमज्वराचे जंतू एकेका औषधाला दाद देईनासे झाले आहेत, त्या काळात जंतूचे नाव आणि त्याचे मर्म सांगणारी ही बाटली आम्हांला अनमोल वाटते.

कल्चरचाही अतिरेक होऊ शकतो. वयोवृद्ध स्त्रियांच्या किंवा लघवीची नळी बसविलेल्या रुग्णांच्या लघवीत पुष्कळदा जंतू सापडतात. जळजळ नाही, ताप नाही, काही त्रास नाही. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया यांचा अपवाद सोडला, तर अशा जंतूंना औषध देण्याने रुग्णाचा लाभ होत नाही. जंतू मात्र अधिक निबर होतात. जेथे लक्षण नाही तेथे कल्चर पाठविलेच नाही, तर हा मोह टळतो.

त्या चुकीनंतर आम्ही वैद्यकीय विभागात काही निर्णय घेतले. तपासणीच्या चिठ्ठीवर दोन रकाने वाढविले. पहिला, ‘तापाचा कितवा दिवस’. दुसरा, ‘या उत्तराने उपचारात काय बदल होईल’. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर प्रयोगशाळेने डॉक्टरला दूरध्वनी करून विचारावे, असे ठरले. आमच्यातील काही जणांना प्रारंभी हे जाचक वाटले. नव्या तंत्रज्ञ मुलीला वरिष्ठ डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचा संकोच वाटे. आता तो राहिलेला नाही. बाह्यरुग्ण विभागात एकेरी विडाल करणे आम्ही थांबविले आणि संशयित विषमज्वरात कल्चर पाठवू लागलो. कोणते जंतू कोणत्या औषधाला दाद देतात याची नोंदवही ठेवली आणि त्यावरून आपल्या भागासाठी औषधांचा क्रम ठरविला. प्रयोगशाळेच्या उत्पन्नाचा आणि डॉक्टरच्या मानधनाचा काहीही संबंध असणार नाही, हे विश्वस्तांनी लेखी स्वरूपात मान्य केले.

या निर्णयांनी प्रयोगशाळेचे उत्पन्न घटले, हे आम्ही लपवीत नाही. विडाल स्वस्त, झटपट आणि रुग्णालयाला चार पैसे मिळवून देणारी. कल्चर खर्चिक, वेळखाऊ आणि गरीब रुग्णाकडून पूर्ण शुल्क घेणे अवघड. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत यावर कडक चर्चा झाली. ‘संस्था तोट्यात चालवून सेवा किती दिवस टिकेल?’ हा प्रश्न रास्तच होता. अखेर गरजू रुग्णांच्या कल्चरचा भार रुग्णकल्याण निधीने उचलावा असे ठरले, त्याबद्दल आम्ही विश्वस्तांचे ऋणी आहोत.

देणगीदारांपाशी या निमित्ताने एक मागणे आहे. आपण यंत्रे देता, त्यांवर आपल्या आईवडिलांचे नाव कोरले जाते, ते योग्यच आहे. परंतु यंत्राला रोज रसायने लागतात, अचूकतेची नियमित पडताळणी लागते आणि रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाची काचपट्टी पाहणारा माणूस लागतो. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाच्या पगारावर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही हिवतापाच्या रुग्णाला पहाटेपूर्वी योग्य औषध मिळते ते त्याच्यामुळे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ साली आवश्यक तपासण्यांची राष्ट्रीय सूची प्रसिद्ध केली. तीत साध्या दवाखान्यापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत कोठे कोणती तपासणी असावी हे मांडले आहे. नवे यंत्र घेण्यापूर्वी अशा सूचीतील साध्या तपासण्या आपल्याकडे चोवीस तास आणि अचूक होतात काय, हे आधी पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही चार विनंत्या. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते लिहून ठेवा. आधी घेतलेल्या औषधांची पाकिटे आणि जुने कागद बरोबर आणा. डॉक्टरांना न विचारता परस्पर तपासण्या करून घेऊ नका आणि उरलेली प्रतिजैविके घरात ठेवू नका. आणि डॉक्टरने तपासणी लिहिली, की संकोच न करता विचारा, “यातून काय कळणार आहे आणि त्याने औषध बदलणार आहे का?” असा प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकाचा आम्हांला राग येत नाही. त्या आजीने तो पहिल्याच दिवशी विचारला असता, तर कदाचित आम्हीही थबकलो असतो.

ती आजी आजही अधूनमधून नातीला घेऊन येते. नात आता शाळेत जाते. मागील खेपेस तिला दोन दिवसांचा ताप होता. आमच्या तरुण सहकाऱ्यांनी तिला तपासले, घसा पाहिला, हिवतापाची काचपट्टी घेतली आणि दोन दिवसांनी पुन्हा यायला सांगितले. आजी म्हणाली, “बाकी काही लिहिलं नाहीत?” त्यांनी समोर बसवून कारण समजावून सांगितले. काचपट्टी निर्दोष आली, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आजींनी ते कारण ऐकून घेतले आणि आमच्यावर विश्वास ठेवला, याचे मोल आम्ही जाणतो. आपण सर्वांनी हा विश्वास असाच ठेवावा आणि आम्ही चुकलो तर असाच जाब विचारावा, एवढीच प्रार्थना करून हे निवेदन संपवितो.